ठमीची साखरपेरणी

आमच्या ठमीला परदेशात नोकरी हवी होती, आणि ती तिला मिळू नये याची जय्यत तयारी मी आणि माझ्या भावाने तिच्या लहानपणीच करून ठेवली होती. आम्हाला तरी काय ठाऊक? आम्ही आपले भांडत होतो.

आधी दुकान समजून घ्या, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. गाळा एकच, मधोमध लाकडी पार्टिशन. अलीकडे माझं शिवणकाम, पलीकडे दादाचं चष्म्यांचं दुकान. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, ठमीचा बाप. पार्टिशनच्या मागच्या टोकाला माणूस आडवा होऊन जाईल एवढी फट, मग एक मागची खोली, आणि वर राहतं घर. वहिनी गेली तेव्हा ठमी एवढीशी होती. तिला मी वाढवलं. दादानेही वाढवलं म्हणा. पलीकडून तो खाकरला की ती रडायची थांबायची, तेवढं त्याचं श्रेय.

दादाचा आणि माझा अबोला. कालपरवाचा नव्हे, चांगला मुरलेला. का, तेही सांगून टाकते. एका दुपारी एक गिऱ्हाईक चष्म्याची काडी बसवायला आलं होतं. त्याने माझी चौकशी केली, तर दादा म्हणतो कसा, "बहिणीला मीच ठेवून घेतलंय. नाहीतर जाणार कुठे ती?" पार्टिशन लाकडाचं आहे हो, दगडाचं नाही! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. ज्याची पोर मी वाढवतेय, ज्याच्या शर्टाची बटणंसुद्धा मी लावतेय, तो मला ठेवून घेणार? मी ठमीला हाक मारली. म्हटलं, "तुझ्या बापाला सांग, मी कुणाच्या उपकारावर राहत नाही. ते शब्द मागे घेईपर्यंत मी त्याच्याशी बोलणार नाही." ठमी फटीतून गेली, आली, आणि म्हणाली, "बाबा म्हणाले, बरं."

बरं! मी एवढी आग ओकले आणि हा म्हणतो बरं! त्या एका 'बरं'वर मी पुढची सगळी वर्षं तोंड शिवून काढली. बोलायचं ते ठमीमार्फत. "तुझ्या बापाला सांग, वरचा नळ गळतोय." "तुझ्या आत्याला सांग, मशीन जरा हळू मार." पोरगी दप्तर न उतरवता या बाजूने त्या बाजूला फेऱ्या मारायची. तिच्याकडून येणारे निरोप मात्र गोड असायचे. मला वाटायचं, माणूस कितीही हेकट असला तरी बोलायची रीत बरी आहे याची. म्हणून घर चाललं.

मोठी झाल्यावर ठमीने परकी भाषा शिकायला घेतली. तिची बोलायची हौस तुम्हाला समजली असेलच. शिकता शिकता इतकी पुढे गेली की झोपेतसुद्धा त्या भाषेत बरळायला लागली. मग सुरू झाली नोकरीची शोधाशोध. लोक विचारायचे, भाषा शिकून कुठे पोट भरतं का? मी म्हणायची, का नाही, तुमचं कसं नुसत्या तोंडावर भरतंय? पण मनात धाकधूक होतीच.

आधी एका यंत्रांच्या कंपनीची माहितीपत्रकं त्या भाषेतून आपल्या भाषेत आणायचं काम आलं. 'स्क्रू डावीकडे फिरवावा, हात आत घालू नये.' ठमी दिवसभर तेच पुटपुटायची, आणि जेवताना मला म्हणाली, "आत्या, पातेल्यात हात घालू नये." ते काम सुटलं. मग एका प्रवास कंपनीने परदेशात वाटाड्या म्हणून विचारलं. आता हिला आमच्या मागच्या गल्लीतून पोस्टात जाताना रस्ता चुकतो. पन्नास माणसं हिच्या मागे निघाली असती आणि जन्मभर निघालेलीच राहिली असती. एका हॉटेलला भाषा कमी आणि हसणं जास्त हवं होतं. ठमीला तोंडभर हसता येतं, पण पगारी नाही.

शेवटी ती संस्था सापडली. तिकडच्या मोठ्या इस्पितळांना दुभाषी पुरवणारी. आपल्याकडची माणसं तिकडे आजारी पडतात, डॉक्टर काय म्हणतो ते कळत नाही, आपलं दुखणं सांगता येत नाही. मधे बसून दोघांचं बोलणं एकमेकांना पोचवायचं, हे काम. ठमीने ते वाचलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "आत्या, मी तर हेच करत आलेय!" मी म्हटलं, बाई गं, खरंच की. अनुभव म्हणून आमच्या दोघांची नावं टाक.

परीक्षा कॉम्प्युटरवर, मागच्या खोलीत. आणि ठमी नापास झाली.

परीक्षा घेणाऱ्या बाई आपल्याच, पण तिकडे राहून केस पांढरे केलेल्या. त्यांनी फोनवर ठमीला स्पष्ट सांगितलं. भाषा उत्तम आहे, पण तू लोकांच्या बोलण्यात साखर कालवतेस. डॉक्टर म्हणाला गाठ, तर तू म्हणालीस जरा सूज. पेशंट म्हणाला मला या डॉक्टरचा भरवसा नाही, तर तू सांगितलंस, ते थोडे काळजीत आहेत. अशाने एखाद्याचा जीव जाईल. आणखी एकदाच संधी देते. तोवर सराव कर, आधी आपल्याच भाषेत. दोन माणसं समोर बसव, एकाचं बोलणं दुसऱ्याला जसंच्या तसं सांग. बोलणारा 'मी' म्हणाला की तूही 'मी'च म्हणायचं. 'तो म्हणतो', 'ती म्हणते' असं नाही. शब्द वाढवायचा नाही, गाळायचा नाही.

ठमी दोन दिवस रडली. म्हणाली, हे हुकलं तर मी यंत्रांच्या स्क्रूमध्येच मरणार. मग डोळे पुसून तिने फटीत स्टूल टाकलं आणि त्यावर बसली. एक पाय माझ्या बाजूला, एक दादाच्या. "एकमेकांशी न बोलणारी दोन माणसं घरात आयतीच आहेत," ती म्हणाली. "भांडा."

सांगितल्यावर कुठे भांडण येतं? दादा खाकरला आणि म्हणाला, "आज ऊन फार आहे." ठमीने माझ्याकडे मान वळवून गंभीरपणे सांगितलं, "आज ऊन फार आहे." मी म्हटलं, "हो ना." ठमी तिकडे वळली, "हो ना."

"हे काय भांडण आहे?" ठमी ओरडली. "एरवी ऐकवत नाही इतकं बोलता!"

मग हळूहळू आम्ही तापलो. मी म्हटलं, त्याच्या खाकरण्याने माझी गिऱ्हाइकं दचकतात. दादा म्हणाला, तिच्या कपड्यांचे धागे उडून माझ्या काचांवर बसतात, आणि एका म्हाताऱ्याला महिनाभर आकाशात केस दिसत होता. ठमी मधे बसून सगळं जसंच्या तसं. गंमत म्हणजे 'मी, मी' करत ती कधी दादा व्हायची, कधी मी. माझ्याच समोर बसून माझ्याच भाचीने मला ऐकवलं, "मला तुझ्या मशीनचा वीट आलाय, ते मशीन विहिरीत टाक." मी उठून हिला एक ठेवून देणार होते, मग आठवलं, हा सराव आहे.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी माझा तोल गेला. म्हटलं, "विचार त्याला, ते शब्द मागे घेतोस का? मी कुणाच्या उपकारावर राहत नाही हे मी तेव्हाच सांगितलं होतं. एवढी वर्षं मी वाट बघतेय."

ठमी पांढरीफटक पडली. तोंड उघडलं आणि म्हणाली, "आत्या म्हणते..." मग थांबली. बापाकडे वळली आणि एकेक शब्द सांगितला, माझ्याच ठसक्यात.

पलीकडे चष्मा खाली ठेवल्याचा आवाज आला. मग दादा म्हणाला, "कुठले शब्द? मला कुणी काही सांगितलं नाही. मला एवढंच कळलं की तुला कामापायी बोलायला सवड नाही, काय असेल ते पोरीकडून सांगायचं. मी म्हटलं, बरं."

आता ठमीने ते माझ्याकडे वळवायचं होतं. 'मला कुणी काही सांगितलं नाही.' कुणी नाही म्हणजे हिनेच सांगितलं नाही की! पोरीचे डोळे भरून आले, पण तिने एक अक्षर इकडचं तिकडे केलं नाही. सगळं सांगितलं, 'बरं'सकट.

मी कपाळाला हात लावला. अगं कार्टे! लोक सांगताना तिखटमीठ लावतात, ही साखर पेरत बसली, आणि आमचं भांडण त्या साखरेत मुरत ठेवलं मुरांब्यासारखं. पण रागावणार कुणावर? लहान होती. घर मोडू नये म्हणून तिला जे सुचलं ते तिने केलं.

मग मी ते 'बहिणीला मीच ठेवून घेतलंय' ठमीकरवी त्याला ऐकवलं. दादा म्हणाला, "म्हणालो असेन मी तसं. त्या माणसाने विचारलं, बहिणीला किती दिवस इथे ठेवणार? ती गेली तर माझं काय होईल या विचाराने मला कापरं भरलं. ते त्याला कसं सांगणार? म्हणून उलटं बोललो." ठमीने सांगितलं. मी म्हटलं, "त्याला सांग, हे तेव्हाच बोलायला काय दातखीळ बसली होती?" ठमीने तेही पोचवलं. दादा खाकरला.

राग गेला. पण आता आधी कोण बोलणार हा नवा पेच. इतक्या वर्षांची सवय, अशी कशी मोडणार? तो थोरला म्हणून अडून बसला, मी धाकटी म्हणून. ठमीचं स्टूल तिथेच राहिलं.

परीक्षेच्या दिवशी ठमी कान झाकणारे हेडफोन लावून मागच्या खोलीत बसली. दार तिने उघडंच ठेवलं, गुदमरतं म्हणून. आम्हाला समोरच्यांचं काही ऐकू येत नव्हतं, फक्त ठमीचं. थोडा वेळ परकं, मग आपलं, मग पुन्हा परकं. मी दुकानाला अर्धं शटर लावलं होतं. हातात एक बाही होती, पण सुई हलत नव्हती. या वेळी गडबडली तर संपलं, हे मला माहीत होतं.

आणि ठमीचा आवाज आला, आपल्या भाषेत, सावकाश. "मी तुम्हाला खोटी आशा लावणार नाही. तुमच्या भावाचं हृदय फार थकलं आहे. ते घरी परत येतील असं मला वाटत नाही. त्यांच्याशी काही बोलायचं असेल, तर आजच बोलून घ्या."

ते नाटक होतं. डॉक्टर खोटा, भाऊ खोटा, सगळं खोटं, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मला बसवेना. बाही खाली टाकली, उठले, फटीत स्टूल होतं ते बाजूला सारलं आणि पलीकडे गेले. दादा हातात बारका स्क्रूड्रायव्हर घेऊन तसाच बसला होता. त्यानेही ऐकलं होतं. जवळून बघितला, तर केवढा म्हातारा झाला होता माझा भाऊ!

"चहा टाकू?" मी विचारलं.

"टाक," तो म्हणाला. मग म्हणाला, "अगं, मला खरंच काही झालंय का?"

मला हसू आलं आणि रडूही आलं. तोही हसायला लागला, खांदे हलवत. तेवढ्यात मागून ठमीने जोरात हात हलवून आम्हाला गप्प केलं आणि परक्या भाषेत पुढे बोलत राहिली. आम्ही दोघं तोंडावर हात धरून बसलो, शाळेतल्यासारखे.

दोन दिवसांनी फोन आला. ठमी पास झाली. महिनाभरात तिकडे रुजू व्हायचं.

मला वाटलं होतं ती नाचेल. ती पायरीवर बसून राहिली. म्हणाली, "मी गेल्यावर तुम्ही दोघं नीट राहाल ना?"

"आमची काय काळजी..." दादाने सुरुवात केली, अगदी छातीबिती काढून. मी त्याला तिथेच थांबवलं.

"गप रे, दादा. पोरीने खरं विचारलंय," मी म्हटलं. "ठमे, ऐक. आम्ही नीट राहणार नाही. तू गेलीस की मला घर खायला उठेल. हा धड जेवणार नाही. आम्ही पुन्हा भांडू, आणि सोडवायला कुणी नसेल. उद्या दोघांपैकी एकाला काही झालं तर तुला लगेच येता येणार नाही. हे सगळं होणार आहे. आणि तरी तू जायचंस."

ठमीने बापाकडे बघितलं. दादाने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तुझी आत्या बोलली त्यातलं काहीच कमी होणार नाही," तो म्हणाला. "मला फार जड जाईल."

आजवर या पोरीने माझं 'मी' बोलून दाखवलं होतं, तिच्या बापाचं बोलून दाखवलं होतं, कुठल्या कुठल्या डॉक्टरांचं आणि पेशंटांचं बोलून दाखवलं होतं. तिने मान वर केली.

"मला जायचंय," ती म्हणाली. "मला तुम्हाला सोडून जायचंय."

मी म्हटलं, "मग जा."