रुमालाखालचा सौदा

मी चौसाळ्यात व्यापाराची शाळा चालवतो. शिकायला येतात समदी मोठी मानसं: गुरं घेनारे-इकनारे हेडे, कापसाचे दलाल, अन् एकच बाई, छबुबाई धनगरीन. नवरा गेला, मागं चाळीस मेंढरं राहिली. बाजारात जो तो तिला लुबाडायचा, म्हनून ती रुमालाखालचा सौदा शिकायला आली. दोघांचे हात रुमालाखाली, बोली बोटांनी, त्वांडानं एक शब्द न्हाई. पहिल्याच दिवशी मी सांगतो, "हात थरथर कापला की सौदा गेला."

शाळेला सरकारची इजाजत नव्हती. तीन अर्ज धाडले, उत्तर एकाचंबी न्हाई. बिनइजाजत शाळा म्हंजे दाराला कुलूप अन् मास्तरला कैद. अन् त्या मंगळवारी सरकारी साहेब घोड्यावरून दारातच उतरला!

"इजाजतनामा कहाँ है?"

म्या म्हनलं, "साहेब, शाळा कुठली? बाजाराचा सराव चाललाय." खोटं बोलायचं तर धड तरी बोलावं! मागं भिंतीवर फळा टांगलेला.

साहेब हसला. "अच्छा? तो सौदा करो." घोडे घेनारा मानूस, त्याला रिवाज ठाऊक. समोर बसला अन् हातावर रुमाल टाकला. सौदा कशाचा, त्ये बोलला न्हाई. पन मला कळलं, शाळेचाच.

म्या हात घातला. त्यानं माझी बोटं धरली अन् हात असा थरथरला, की वरचा रुमालबी हालला. समद्यांनी बघितलं. आता कुलूप, आता तुरुंग, एवढंच डोक्यात.

"गुरुजी, सरका," छबुबाई म्हनली.

"अगं ए, परपुरुषाच्या हातात हात? येडी का खुळी?"

"बाजारात हात निस्ता हातच असतो. तुमीच शिकवलं."

ती बसली. लई येळ बसली. रुमाल हालला न्हाई. शेवटी साहेबानं हात काढला, कागद मागितला, इजाजत लिहून सही ठोकली अन् गेला. रुमालाखाली काय ठरलं त्ये इचारायचं नसतं. इचारायचं मला भ्याबी वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिच्या मेंढवाड्यावरनं गेलो. वाडा रिकामा. साहेबाचे दोन शिपाई समदी मेंढरं सडकेनं हाकत निघालेले. मी पळतच शाळेत आलो.

छबुबाई फळ्यासमोर बसलेली, मांडीवर रुमाल पसरून.

"आता कावून आलीस गं? इकायला काय ऱ्हायलं तुझ्याकडं?"

"काल हात कापला न्हाई माझा," ती म्हनली. "पुढचं शिकवा."

म्या रुमालाखाली हात घातला. माझा अजूनबी कापत व्हता.