बाबांच्या वाट्याचे शब्द

अर्धांगाच्या झटक्यात बाबांची वाचा गेली, उजवा हात गेला, डोकं मात्र शाबूत राहिलं. इंग्लंडातल्या बार्न्सलीच्या कोळशाच्या खाणीत साऱ्यांवर डाफरणारा माणूस आता दिवसभर खिडकीशी बसायचा आणि परसातल्या ढाबळीकडे बघायचा. शर्यतीची कबुतरं होती त्यांची.

मी तेव्हा शाळेत गणित शिकवायचे. १९८१ साली नवाच निघालेला स्वस्त घरगुती कॉम्प्युटर आणून मी बाबांच्या टीव्हीला जोडला. पडद्यावर शब्द, त्यांवरून सरकणारा बाण. हव्या त्या शब्दावर बाण आला की बाबांनी डावा हात कळफलकावर मारायचा आणि तो शब्द ठळक व्हायचा. एवढंच काम, पण त्या मेल्या यंत्राची मेमरी एक किलोबाइट. पानभर पत्रही मावणार नाही.

मागे खोचायचा जादा मेमरीचा डबा घेतला. तो इतका सैल, की बाबांनी हात मारला की हलायचा आणि सगळं पुसलं जायचं. प्रोग्रॅम भरायला पुन्हा कॅसेट लावा, पुन्हा ती किरकिर ऐका. चिकटपट्टी लावली, रबरं बांधली. हळू मारणं बाबांना जन्मात माहीत नव्हतं. शेवटी वैतागून डबा काढला आणि एका किलोबाइटात संसार मांडायला बसले.

तिथे साधं शून्य लिहिलं तरी सात अक्षरांची जागा जाते. गणितातला 'पाय' (π) घेऊन त्याच्यापुढे 'नाही'ची आज्ञा (NOT) लावली की उत्तर शून्यच येतं, जागा मात्र दोनच अक्षरांची. असली भिकारडी काटकसर करून चार शब्द बसवावेत, तर पाचव्याला यंत्र अडायचं. टीव्हीसकट बाहेर फेकावंसं वाटायचं.

बाबांचं सगळं माझा धाकटा भाऊ कीथ करायचा, त्यामुळे शब्द कुठले हवेत ते तोच ठरवायचा.

"'कबुतरं' कशाला? केवढा लांब शब्द," तो म्हणाला. "काढ तो. तेवढ्यात 'चहा' आणि 'हो' बसतील."

"बाबांना विचारू तरी."

"विचार की. उत्तर कशानं देतील? 'हो' बसायचंय अजून."

मी शब्द काढला. मग रोज शाळा सुटली की तिथल्या तसल्याच यंत्रावर एकेक ओळ छाटत बसायचे. शनिवारी एकदाची 'कबुतरं'पुरती जागा निघाली. कॅसेट घेऊन मी तडक बाबांकडे गेले.

ढाबळीचं दार सताड उघडं होतं. आत नुसती पिसं.

"सकाळीच देऊन टाकली," कीथ म्हणाला. "बाहेर सोडू नको म्हणून बजावलंय घेऊन जाणाऱ्याला, नाहीतर इथेच परत येतील. अगं, रोज कोण साफ करणार? आणि मशीन आल्यापासून बाबांनी एकदा तरी नाव काढलंय का त्यांचं?"

मी संतापून तोंड उघडणार तोच बाबांनी कळफलकावर हात मारला. पडद्यावर 'दुखतंय' ठळक झालं.

"हे सकाळपासून चाललंय," कीथ म्हणाला. त्याने बाबांसमोर उकिडवं बसून विचारलं, "कुठे, बाबा? खांद्यात?"

बाण फिरून येईपर्यंत बाबा थांबले आणि त्यांनी 'नाही'वर हात मारला.

"पोटात?"

पुन्हा 'नाही'.

कीथ उठला आणि गोळी आणायला स्वयंपाकघरात गेला.