सातव्या राक्षसाची टाचणी

मित्रांनो, मी एक जुना कोट आहे आणि सध्या भयंकर चिडलेला आहे. म्हाताऱ्या वस्तूंनी आपली कहाणी उसासे टाकत, हळू आवाजात सांगायची असते, हे मला ठाऊक आहे. मला ते जमणार नाही. काचेच्या पेटीत उभे राहून रोज धडधडीत खोटे ऐकावे लागले, तर तुमच्याही अंगाचा तिळपापड होईल.

मी राक्षसाचा कोट आहे. तुमच्या आजीआजोबांनी लहानपणी पाहिला, मग तुमच्या आईबाबांना दाखवला, त्या परीकथेच्या सिनेमातला. राजकन्या, पांढरा घोडा, बोलणारी विहीर हे सगळे तुम्हाला तोंडपाठ असेल. शेवटी किल्ला कोसळतो तेव्हा मागून बारा राक्षस अनवाणी पळत जातात. त्यांतल्या सातव्याच्या अंगावर मी होतो.

मला शिंपी मास्तरांनी शिवले. पत्र्याच्या शेडमध्ये, एका मशीनवर, त्यांनी एकट्याने बारा कोट शिवले. वरून गोणपाट आणि आतून जुन्या चादरीचे मऊ अस्तर. अस्तर पडद्यावर दिसणार नव्हते, कोणी मागितलेही नव्हते. "राक्षस झाला म्हणून काय झालं? गोणपाट टोचलं की त्यालाही खाज सुटतेच," असे ते म्हणायचे. गळ्यात टेप, ओठांत टाचण्या आणि नजर सतत जमिनीवर. पडलेली टाचणी दिसली की हातातले काम टाकून ती उचलायची आणि कॉलरमध्ये खोचायची, ही त्यांची सवय होती. कोणाच्या पायात जाईल, हीच त्यांना धास्ती.

किल्ला कोसळायच्या दिवशी सातवा राक्षस आलाच नाही. दिग्दर्शक साहेबांनी आकाशपाताळ एक केले. शेवटी त्यांची नजर मास्तरांवर गेली.

"तुम्हीच घाला तो कोट आणि पळा. पळता तरी येतं ना?"

मास्तरांनी मला अंगात चढवले, चेहऱ्यावर हिरवा रंग फासून घेतला. तेवढ्यात सहाव्या राक्षसाच्या कोटाची शिलाई उसवली. टाके घालायला वेळ नव्हता. मास्तरांनी तिथे टाचणी लावली आणि शिट्टी वाजली. बारा जण धावत सुटले, मागे किल्ला धडाधड कोसळू लागला, आणि सहाव्याची ती टाचणी निसटून खाली पडली. मास्तरांना ती दिसली. मागून पाच जण अनवाणी येत होते. मास्तर थांबले, वाकले, टाचणी उचलून माझ्या कॉलरखाली खोचली आणि मग पळाले.

साहेब नुसते पेटले. "कोण तो मूर्ख वाकला? जीव वाचवून पळणारा राक्षस खाली वाकेल का?" किल्ला तर भुईसपाट झाला होता, पुन्हा उभा करणे शक्य नव्हते. तो तुकडा तसाच ठेवावा लागला. मास्तरांना मात्र ठेवले नाही. "उद्यापासून येऊ नका," एवढेच ऐकून ते घरी गेले. सिनेमाच्या शेवटी जी नावे येतात, त्यांत चहावाल्याचे नाव आहे, घोड्याचेसुद्धा आहे. बारा कोट शिवणाऱ्याचे नाही.

पुढची कित्येक वर्षे मी एका ट्रंकेत डांबराच्या गोळ्या हुंगत पडलो होतो. उंदरांनी माझी डावी बाही कुरतडली, त्याचे मला काही वाटले नाही. उंदीर निदान भाषण तरी करत नाहीत.

बाहेर मात्र वेगळाच चमत्कार झाला होता. सिनेमा पुन्हापुन्हा पाहणाऱ्या मुलांना तो वाकणारा राक्षस सापडला. सातवा काय उचलतो, यावर घरोघर वाद झाले. कोणी म्हणे दात, कोणी म्हणे अंगठी. मग साहेबांनी जाहीर केले, "ते पापाचं बी आहे. किल्ला पडतो, पण पाप आपलं बी घेऊन पळतं. फार विचार करून घेतलेलं दृश्य आहे ते." टाळ्या! ज्या चुकीसाठी माणसाला घरी बसवले, तिच्यावरच हा मोठेपणा! याला आयत्या बिळावर नागोबा म्हणतात. पुढे त्या सिनेमातल्या वस्तूंचे प्रदर्शन भरले. त्यासाठी मला साफ करणाऱ्या बाईंनी कॉलरखालची टाचणी साहेबांना दाखवली, तेव्हा ते म्हणाले, "राहू दे आतच. कुणाला दिसतेय?" माझ्यासमोर पाटी लागली, "सातव्या राक्षसाचा कोट. कल्पना : दिग्दर्शक."

उद्घाटनाला हॉल मुलांनी भरला होता. साहेब माझ्या शेजारी उभे राहून बी पेरत होते. आणि मागे, लेकीचा हात धरून, शिंपी मास्तर उभे होते. केस पांढरे, पाठ वाकलेली.

"बाबा, बोला ना! पाटीवर तुमचं नाव हवं," लेक दात-ओठ खात म्हणाली.

"जाऊ दे गं. आता काय करायचंय?"

खरे सांगतो, त्या क्षणी मला मास्तरांचाही राग आला. किती सोसायचे माणसाने?

तेवढ्यात त्यांची नजर जमिनीवर गेली. सजावटवाल्यांची एक टाचणी फरशीवर पडली होती. पुढे मुले चपला काढून सतरंजीवर बसायला निघाली होती. मास्तर गुडघ्यावर हात ठेवून वाकले, टाचणी उचलली आणि कॉलरमध्ये खोचली.

"सातवा!" पुढची एक मुलगी किंचाळली. "अगदी तस्सेच वाकले! आजोबा, तुम्ही काय उचललंत?"

"टाचणी, बाळा. कुणाच्या पायात गेली असती."

मुलीने वळून साहेबांकडे पाहिले. "मग बी कुठंय?"

साहेबांनी पाणी मागितले.

पाटी बदलली असेल असे तुम्हाला वाटते? नाही बदलली! पण मास्तरांच्या लेकीकडून सगळे ऐकून त्या मुलीने वहीचा कागद फाडून लिहिले, "हा कोट शिंपी मास्तरांनी शिवला. सातवा राक्षस तेच." मास्तरांनी कॉलरमधली टाचणी काढून दिली, आणि तिने तो कागद माझ्या पाटीखालच्या कापडावर टाचला. रखवालदार रोज कागद काढून टाकतो. साहेबांचा तसा हुकूमच आहे. रोज कोणीतरी नवा लावते.

म्हणून मित्रांनो, उसासे नकोत. मला झटकू नका, डांबराच्या गोळ्याही ठेवू नका. इकडे आलात आणि कागद दिसला नाही, तर एक लिहा. टाचणी नसेल, तर माझ्या कॉलरखाली एक आहे. काच तेवढी उघडायला लावा.