न्यूट्रल नसलेला ट्रॅक्टर

जव्हारची आमची जमीन उताराची आहे आणि उतार संपतो तिथे विहीर आहे, कठडा नसलेली. हे आधीच सांगते, कारण त्या रविवारी दहिसरच्या यार्डात सगळे ट्रॅक्टर बघत होते आणि माझ्या डोळ्यांसमोर ती विहीर होती.

जमीन बाबांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची. त्यांच्या काकांकडून आलेली. आंब्याची कलमं लावून झाली होती, रांगांमधून फिरेल असा छोटा ट्रॅक्टर घ्यायचं ठरलं, आणि बाबांनी अनयला, माझ्या चार वर्षांच्या मुलाला, शब्द देऊन टाकला. "माझ्या मांडीवर बसून चालवायचा, काय रे?" तेव्हापासून अनय जेवताना ताट धरून स्टिअरिंगसारखं फिरवायचा आणि माझा घास तोंडातच फिरायचा.

मी व्हिडिओ बघायला लागले. ट्रॅक्टर उलटतात ते बहुतेक उतारावर. गिअर बदलायला क्लच दाबला, गिअर पडला नाही, की सुटलाच. बघता बघता मला एक शब्द सापडला, हायड्रोस्टॅटिक. क्लच नाही, चालताना गिअर बदलायचे नाहीत, फक्त एक पेडल. दाबलं की चालतो, पाय उचलला की थांबतो. मला तेवढंच वाक्य हवं होतं. ते मी घरात इतक्यांदा म्हटलं की अनयलाही पाठ झालं.

यार्डात दोन्ही प्रकार शेजारी शेजारी उभे होते. दाखवायला तेजल नावाची मुलगी होती, चटपटीत.

"हा गिअरवाला," ती म्हणाली. "ताकद पूर्ण चाकाला मिळते, डिझेल कमी लागतं. आणि हा पेडलवाला. बागेत सारखं पुढे-मागे करायचं असेल तर झकास. फक्त डिझेल जरा जास्त पितो."

"जास्त पितो?" बाबांनी तेवढंच ऐकलं.

"पाय उचलला की थांबतो ना?" मी विचारलं.

"थांबतो ताई."

"उतारावर पण?"

"उतारावर पण. धक्का न देता, हळूहळू."

"हे काय शिवणयंत्र आहे, पायाने चालवायला?" बाबा म्हणाले. "तुझ्या सासूला आणायला हवं होतं, अबोली. तिने अख्खं जव्हार शिवून काढलं असतं."

देवदत्त हसला. माझा नवरा वडिलांच्या प्रत्येक विनोदावर हसतो, आणि माझ्या प्रत्येक काळजीवर मान डोलावतो. "चालवून तर बघा, बाबा," तो म्हणाला.

यार्डाच्या मागच्या बाजूला मातीचा भराव टाकून चढ केला होता. खाली पत्र्याचं कुंपण, पलीकडे सर्व्हिस रोड. टँकर गेला की पत्रा थरथरायचा.

बाबा सीटवर बसले. तेजलने डावीकडे, सीटच्या बाजूला असलेला छोटा दांडा दाखवला. "पुढे हाय, मागे लो, मध्ये न्यूट्रल. लोमध्ये टाकलाय, काका. आता चालताना याला हात नाही लावायचा."

अनयने दोन्ही हात वर केले. "आजोबा, मी."

"छोट्याला नको काका, अलाउड नाही," तेजल म्हणाली.

"एकच राऊंड गं."

"बाबा, नको," मी म्हटलं.

"अगं, तूच सांगतेयस ना महिनाभर, पाय उचलला की थांबतो म्हणून? मग आता भीती कसली?"

माझंच वाक्य. मी पुढे होईपर्यंत देवदत्तने अनयला उचलून वर दिलं होतं.

चढ नीट चढले. वर जाऊन वळले. अनयचे हात स्टिअरिंगवर, त्यांच्यावर बाबांचे. ट्रॅक्टर उताराला लागला, आणि बाबांचा डावा हात स्टिअरिंगवरून निघाला.

तो हात मी ओळखते. जव्हारहून येताना घाट उतरायला लागलो की तो कारच्या गिअरवर जातो आणि धूळ झटकावी तशी एक टप्पल मारतो. गाडी न्यूट्रल. इंजिनचा आवाज गळून पडतो, गाडी सुटते, आणि बाबा खूश होऊन म्हणतात, "आता फुकट चाललोय." मी मागच्या सीटवर अनयचा पट्टा धरून बसलेली असते.

हात सीटच्या बाजूला गेला. एक टप्पल.

ट्रॅक्टरचं कण्हणं एकदम हलकं झालं. मग चाकं पळायला लागली. बाबांचा उजवा पाय मला स्पष्ट दिसत होता, पेडलपासून वर उचललेला, सँडलचा तळवा दिसेल इतका. पाय उचललेला होता आणि ट्रॅक्टर थांबत नव्हता.

"ब्रेक, काका, ब्रेक दाबा," तेजल ओरडत धावली. मीही धावले, ट्रॅक्टरकडे नाही, कुंपणाकडे. मध्ये उभं राहून मी काय थांबवणार होते, मला माहीत नाही.

बाबांच्या पायाला ब्रेक सापडला. चाकं माती ओरबाडत थांबली. पत्र्यावर खडे उडाले. मागून टँकर गेला.

"परत," अनय म्हणाला.

मी त्याला खाली ओढून घेतलं. त्याला काही झालं नव्हतं. तरी मी त्याचे हात, पाय, डोकं चाचपत राहिले.

"फॉल्टी आहे हा," बाबा उतरत म्हणाले. "पाय उचलला होता मी. सगळ्यांनी बघितलंय."

तेजलने वाकून दांड्यावर बोट ठेवलं. "न्यूट्रल झालाय, काका. न्यूट्रलमध्ये पेडलचा चाकांशी संबंधच राहत नाही. मग पाय उचलून काय होणार? फक्त ब्रेक."

"मी हातच लावला नाही."

"काका, लागला असेल चुकून..."

"नाही लावला म्हणतोय ना."

बाबा खोटं बोलतात तेव्हा मला कळतं. सासूबाईंच्या नकळत पेढा खाल्ला की नजर पंख्याकडे जाते. आता ते सरळ माझ्याकडे बघत होते. त्यांना खरंच माहीत नव्हतं. हात गेला होता आणि हाताच्या मालकाला पत्ता नव्हता. ट्रॅक्टर सुटला त्यापेक्षा मला हे जास्त भयंकर वाटलं.

"न्यूट्रल नसलेला ट्रॅक्टर मिळतो का?" मी तेजलला विचारलं.

तिला वाटलं मी गंमत करतेय. "न्यूट्रल सगळ्यात असतो, ताई. गिअरवाल्यात पण, ह्याच्यात पण."

"अबोली, पुरे ना," देवदत्त हळूच म्हणाला.

बाहेर आलो. बाबा नेहमीसारखे चावी काढून ड्रायव्हरच्या दाराशी गेले. मी अनयला कडेवर घेऊन तिथेच उभी राहिले.

"बाबा, मी चालवते."

"का? मला काय धाड भरलीय?"

"अनय गाडीत बसणार असेल तर मी चालवते."

बाबांनी चावीकडे बघितलं. मग ती माझ्या हातात न देता गाडीच्या टपावर ठेवली आणि वळसा घालून पलीकडच्या सीटवर जाऊन बसले.

हायवेला लागलो, पहिला उड्डाणपूल आला. पूल चढलो. उतार सुरू झाला, आणि शेजारी काहीतरी हललं. बाबांचा डावा हात मांडीवरून उचलला गेला, दाराजवळच्या रिकाम्या जागेत गेला, आणि धूळ झटकावी तसा एकदा हलला.

या वेळी बाबाही बघत होते.

हात तसाच अधांतरी राहिला. मग त्यांनी उजव्या हाताने त्याचं मनगट पकडलं आणि तो मांडीवर आणून ठेवला.

"आजोबा, हात दुखतोय?" अनयने मागून विचारलं.

"नाही रे."

पूल उतरून झाल्यावर ते म्हणाले, "देवदत्त, कुठला घ्यायचा तो घे. चालवायला गावातलं कोणीतरी बघ." आणि थोड्या वेळाने, समोर बघतच, "अबोली, अनयला माझ्या मांडीवर देऊ नकोस. मी मागितला तरी. मी चिडलो तरी."

"नाही देणार," मी म्हटलं.

त्यांनी मनगट सोडलं नव्हतं. गोरेगावच्या घरापर्यंत अजून पूल होते.