नरसाळ्याच्या आत

माझी लेक बोलायला लागायच्या आधी डबे ओळखायला शिकली. मी कामावर परत रुजू झाले तेव्हापासून दिवसभर ती माझ्या बाबांपाशी असते, आणि बाबा तिला दुसरं काय शिकवणार? बोटाच्या पेराने डब्यावर टकटक करायचं. भद्द वाजला तर भरलेला, ठण्ण वाजला तर रिकामा. आवाज बदलेल तिथपर्यंत माल. आई म्हणते, या घरात पोचा न आलेला एक डबा दाखवा आणि बक्षीस घेऊन जा.

बाबा पशुखाद्याच्या कारखान्यात होते. कोंडा आणि पेंडीचा भुगा साठवायच्या तिथल्या तीन उंच टाक्या, म्हणजे सायलो, त्यांच्या ताब्यात. सायलोच्या तळाला पत्र्याचं भलंमोठं नरसाळं असतं, त्यातून माल खाली उतरतो. म्हणजे उतरला तर. हवेत जरा ओल असली की कोंडा दोन्ही बाजूंच्या भिंतींना धरून कमान करतो, आणि वर चाळीस टन माल असून खाली चिमूटभर पडत नाही. मग बाबा घण घेऊन बाहेरून ठोके घालायचे. ठोका कुठे घालायचा ते कानाने ठरवायचे. कारखान्यात त्यांना नावाने कोणी हाक मारत नसे. ते ठोकेमास्तर.

काकाही तिथेच होता. बाबांचा धाकटा भाऊ, अंगाने काटकुळा, म्हणून आत उतरायची कामं त्याच्या वाट्याला. मी चौथीत असताना तीन नंबरचा सायलो अडला. ठोक्यांनी सुटेना, तेव्हा काका वरच्या झाकणातून आत उतरला, मालावर उभा राहिला आणि सळईने खोचू लागला. पायाखाली पोकळी आहे हे त्याला दिसत नव्हतं. कमान तुटली आणि तो मालाखाली गाडला गेला. बाबा खाली नरसाळ्यापाशी होते. माल सुटल्याचा आवाज आला तेव्हा, ते सांगतात, आधी त्यांना बरं वाटलं.

त्यानंतर त्यांनी एकच ध्यास घेतला. सायलो अडूच द्यायचा नाही, म्हणजे कोणाला आत जावं लागणार नाही. दर दोन तासांनी तिन्ही नरसाळ्यांना ठोके, मग अंगात ताप असो की घरी पाहुणे. एकोणीस वर्षांत एकही माणूस आत उतरला नाही. निवृत्त झाले त्या दिवशी सगळ्यांनी भाषणाचा आग्रह धरला, तर उठून हेच एक वाक्य बोलले आणि खाली बसले.

पुढे मीही त्याच वाटेला लागले. आमची कंपनी अडणारे सायलो दुरुस्त करून देते. यंदा बाबांच्याच कारखान्याचं काम आलं. मी वरून कॅमेरा सोडला, पडद्यावर तीन नंबरच्या नरसाळ्याची आतली बाजू दिसली आणि मी कॅमेरा तिथेच थांबवला. बाहेरून पडलेला प्रत्येक पोचा आत उंचवटा होतो. असे शेकडो होते. माल त्यांच्यावरच टेकत होता, त्यांच्याच आधाराने कमान धरत होता. मग आणखी ठोके, मग आणखी उंचवटे. तेवढ्यावर थांबलं असतं तरी मी मनाची समजूत घातली असती. पण खालच्या दोन ओळी बाकीच्यांपेक्षा जुन्या होत्या, गंज पार खोल गेलेला. काका असतानाच्या.

अहवालात लिहावंच लागलं. घरी मात्र पत्रा झिजलाय, बदलायचाय, एवढंच सांगितलं. फोरमन बाबांचा जुना सोबती, त्याला मी सगळं दाखवलं होतं. तोही म्हणाला, मास्तरांच्या कानावर जाऊ देऊ नकोस. आणि बाबांचा तर पाय जमिनीवर नव्हता. बापाच्या घणाने इतकी वर्षं ओढलं, आता लेक नवं बसवते, असं रस्त्यात भेटेल त्याला सांगत होते.

जुनं नरसाळं कापून उतरवलं आणि दुसऱ्या दिवशी कारखान्याला सुट्टी होती, आम्ही आणि फोरमन तेवढे होतो. भंगारवाला सकाळीच ते उचलणार होता, त्याची गाडी बंद पडली. नंतर येतो म्हणाला आणि मी बरं म्हटलं. तिथेच चुकले. दुपारी बाबा नातीला घेऊन बघायला आले तेव्हा मी वर नव्या नरसाळ्याचे बोल्ट तपासत होते. जुनं आवारात आडवं पडलं होतं, रुंद तोंड फाटकाकडे करून. लहान मुलाला एवढं मोठं भोक दिसलं तर ते आत शिरणारच. ती शिरली. मागोमाग बाबा वाकून शिरले.

वर मला तिचा आवाज आला, पत्र्यात घुमून मोठा झालेला. "टेंगूळ," ती म्हणाली. मग पुन्हा, "आजोबा, टेंगूळ." मागच्याच आठवड्यात कपाळ आपटून शिकलेला शब्द.

मी शिडी उतरून आले तेव्हा बाबा आत मांडी घालून बसले होते. लेक एकेका उंचवट्यावर फुंकर घालत होती. बाबांचा तळवा खालच्या ओळीवर होता.

"हे जुने दिसतात," ते म्हणाले.

"सगळे नंतरचे आहेत, बाबा."

"मला गंज शिकवतेस होय." आवाजात राग नव्हता. "तुझा काका आत झाडायला जायचा. एकदा बाहेर येऊन म्हणाला, दादा, आत टेंगळं आलीत, माल त्यांच्यावरच बसतोय. मी म्हटलं, तू तुझा झाडू सांभाळ, ठोक्यांचं मी बघतो. सगळे हसले. तोही हसला."

"तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं."

"त्याला माहीत होतं."

मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. पत्रा उन्हाने तापला होता. ओळीने फुंकर घालत आलेली लेक बाबांच्या हाताशी पोहोचली आणि तिने त्यावरही फुंकर घातली, कारण तो मधे होता.

बाहेर येऊन त्यांनी नवं दाखव म्हटलं. मी दाखवलं. उतार जास्त उभा ठेवलाय, आतला पत्रा आरशासारखा गुळगुळीत, आणि भिंतीला हवेच्या फुंकरी मारणाऱ्या चकत्या, म्हणजे माल बसायलाच नको. सगळं नीट ऐकून घेतलं त्यांनी. मग विचारलं, आता ठोकायचं नाही ना कोणी? मी म्हटलं, नाही, तशी पाटीसुद्धा करून आणली आहे. ठोकू नये, असं लाल अक्षरात लिहिलेली. ती पाटी त्यांनी मागून घेतली. खांबाला त्यांचा घण टांगायचा आकडा अजून होता, त्यावर लावली, वाकडी लागली म्हणून पुन्हा सरळ केली. फोरमनने चहाला थांबवलं, पण ते थांबले नाहीत.

संध्याकाळी लेक साखरेचा डबा दोन्ही हातांनी ओढत त्यांच्याकडे घेऊन गेली. नेहमीसारखं वाजवलं, आणि त्यांनी "भरलेला" म्हणावं म्हणून तोंडाकडे बघत राहिली. तिने पुन्हा वाजवलं, जरा जोरात. मी स्वयंपाकघरातून उठणार होते.

त्यांनी तिचं बोट आपल्या मुठीत घेतलं.

"ठोकू नको, बाळा," ते म्हणाले, आणि झाकण काढून डबा तिच्याकडे तिरपा केला. "आत बघ."