समुद्रावरून, कमी उंचीने

विमानाच्या मागच्या भागात माल लावणाऱ्या झखारने चामड्याच्या जाकिटांचे दोन गठ्ठे बाजूला सारले, शवपेटी मधोमध घेतली आणि तिच्यावरचा पट्टा आवळला. फार आवळला की काय असं वाटून त्याने तो पुन्हा जरा सैल केला.

पेटीत ओरिस्या होती. इस्तंबूलहून जाकिटं न्यायची आणि युक्रेनमधल्या मिकोलाइवच्या बाजारात विकायची, हा तिचा धंदा. या खेपेला हॉटेलच्या खोलीतच छातीत कळ आली आणि ती गेली. तिला न्यायला आई आली होती, पारास्का. ती शेजारच्या गठ्ठ्यावर बसली होती आणि काही केल्या उठत नव्हती.

झखारने तिला समजावून पाहिलं. विमान मूळचं लष्कराचं. सोव्हिएत देश मोडल्यावर कंपनीने ते घेतलं, शेपटीतली तोफ काढली, तांबडे तारे रंगवून टाकले. बाकी सगळं तसंच राहिलं. माणसांनी बसायचं ते पुढच्या खोलीत. इथे मागे, उंचावर गेलं की श्वास पुरत नाही. मधलं दार लावावंच लागतं.

"म्हणजे ती इथे एकटी," पारास्का म्हणाली.

झखार पुढे कॅप्टनकडे गेला. यारेमा त्याच्याहून वीस वर्षांनी लहान. सगळा समुद्रच तर आहे, मध्ये डोंगर नाही, खालूनच नेऊ या, म्हणजे मधलं दार उघडं ठेवता येईल, असं झखारने सुचवलं. इंधन जास्त जाईल, मालक डोकं खाईल, असं यारेमा पुटपुटला. मग त्याने वळून उघड्या दारातून मागे पाहिलं.

"धक्के बसतील, काका. बाईंना काहीतरी गरम द्या पांघरायला."

विमान समुद्रावर स्थिरावल्यावर झखारने पुढे बसलेल्या पारास्काला मधलं दार उघडून दिलं. चार पंख्यांच्या आवाजात कानाशी तोंड नेल्याशिवाय काही ऐकू येत नव्हतं. पारास्का पेटीवर वाकून बोलत होती. मध्येच रागवावं तसं बोट नाचवत होती. झखार लांब उभा राहिला. बऱ्याच वेळाने तिने त्याला हाताने जवळ बोलावलं.

"माझा धाकटा भाऊ अफगाणिस्तानातून असल्याच विमानातून आला. पेटी उघडूसुद्धा दिली नाही आम्हाला. त्याच्याजवळ कुणी बसलं असेल का हो?"

झखार त्या लढाईत दोन वर्षं असल्याच विमानावर होता. पेट्या चढवून झाल्या की ते मधलं दार लावून घेत आणि पुढे डोमिनो खेळत. ताश्कंद येईपर्यंत मागे कुणी फिरकत नसे.

"बसायचो ना, ताई," तो म्हणाला. "पाळीपाळीनं."

"बोलायचात त्यांच्याशी?"

"हो. इकडचं तिकडचं."

पारास्का पांघरूण आवरून बाजूला सरकली आणि गठ्ठ्यावर त्याच्यासाठी जागा केली.

"मग बोला हिच्याशी थोडं. मला आता सुचेनासं झालंय."

झखार बसला. पेटीकडे वाकला. मग त्याने ओरिस्याला आपलं नाव सांगितलं.