बिनमायचा गोऱ्हा

साहेब पुण्याहून आले तेव्हा त्यांच्यासोबत एक कॉम्प्युटर होता आणि एक समजूत होती, की जगातलं सगळं तक्त्यात मावतं. १९८७ची गोष्ट. आमच्या आर्वीच्या कचेरीत गवळाऊ जातीच्या गाईबैलांची नोंद होई. गाय कोणाची, तिची माय कोण, मायची माय कोण. ज्या गोऱ्ह्याची नोंद नाही तो खच्ची करायचा, म्हणजे जात शुद्ध राहते. हा नियम करणाऱ्यानं उभ्या जन्मात गाईचं दावं धरलं नसेल.

मी तिथं रोजंदारीवर. कॉम्प्युटर शिकलो तो त्याच्यासोबत आलेल्या जाडजूड पुस्तकातून, शब्दकोश मांडीवर घेऊन. साहेबांना तेवढंही खपत नसे.

रोहण्याच्या नत्थूजींनी आपला गोऱ्हा हिंगणीच्या देवकाबाईंना विकला. बदल करायला साहेब स्वतः बसले. गोऱ्हा नत्थूजींच्या नावावरून काढला आणि देवकाबाईंच्या नावावर चढवायच्या आत लाइट गेली. आर्वीत लाइट जाणं ही काय बातमी आहे? पण पुण्याच्या प्रोग्रामात तिची सोयच नव्हती. लाइट आली तेव्हा गोऱ्हा दोघांच्याही नावावर नव्हता. नव्यानं भरायला गेलो तर मशीन मायचा नंबर मागे. माय पोळ्याच्या आधी मेलेली, आणि मेलेल्या गाईला साहेबांच्या तक्त्यात जागा नव्हती.

देवकाबाई कचेरीत आल्या. "काऊन साहेब, माय मेली म्हणून माहा गोऱ्हा बिनमायचा झाला काय? तुमची मेली तं तुमचंबी नाव काढन काय हे मशीन?"

"बाई, मशीन खोटं बोलत नाही."

"त्याले तोंडच नाई तं बोलन कसं? तुमी बोलून राह्यले ना!"

मी माझी फ्लॉपी काढली. दुपारच्या सुट्टीत बसून मी वेगळी मांडणी केली होती. तिच्यात पुसायचं काही नाही. गाय मेली तर मेली असं लिहायचं, गाय राहते. कोणाला तीन माया माहीत, कोणाला नऊ. असतील तेवढ्या घ्यायच्या. आणि बदल करण्याआधी काय करणार ते लिहून ठेवायचं. अर्ध्यात लाइट गेली तर मशीन सुरू होताच ते वाचतं. एक तर काम पुरं करतं, नाही तर होतं तसं परत ठेवतं. याला फार अक्कल लागत नाही. लाइट जाते एवढं कबूल करावं लागतं.

साहेबांनी फ्लॉपी दोन बोटांनी उचलली, मेलेला उंदीर उचलावा तशी. "ही काय किराणा दुकानाची कच्ची वही आहे?"

मंगळवारी हिंगणीला बिननोंदीचे गोऱ्हे खच्ची करायचं शिबिर. जनावरांचे डॉक्टर पुंडलिकराव खच्चीचा चिमटा घेऊन हजर. मी माझ्या फ्लॉपीतून छापलेला कागद त्यांच्या हाती दिला. त्यांनी देवकाबाईंकडे पाहिलं. "बाई, सांगा याच्या माया."

"चांदी. तिची माय मोगरी. तिची हरणी. तिची खैरी, वाघानं नेली ते. तिची पवळी."

डॉक्टर कागदावर बोट फिरवत होते. नत्थूजींनी सांगितलं तसा खैरीपुढं मी वाघही लिहिला होता. "बरोबर आहे बे ओमप्रकाश. पण साहेबाची सही पाह्यजे."

साहेब जीपमध्ये बसून होते. कागद वाचलाही नाही. सही केली तर आपल्या मशीननं गोऱ्हा हरवला हे मान्य करावं लागतं. "अनधिकृत," म्हणाले आणि काच वर केली.

डॉक्टरांनी चिमटा पिशवीत टाकला. शिबिराच्या फॉर्मवर गोऱ्ह्यापुढं लिहिलं, 'हाती लागला नाही'. गोऱ्हा समोर चार हातांवर, खुंट्याला बांधलेला, कडबा चघळत उभा. साहेबांनी काच खाली केली, फॉर्म घेतला, त्या गोऱ्ह्याकडे बघत बघत सही ठोकली. खरं होतं तेव्हा काच वर गेली. खोटं रकान्यात बसलं, तर पेन अडखळलंसुद्धा नाही.

जीप गेल्यावर देवकाबाई म्हणाल्या, "अन् पुढच्या शिबिराले?"

"तवाबी हाती लागनार नाई," डॉक्टर म्हणाले. "पानी पाजा त्याले."